लांबलचक वैज्ञानिक इंग्रजी शब्द कसा फोडायचा आणि कसा उच्चारायचा

इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी. मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद घेण्याची पद्धत. इंग्रजीत या एका शब्दात २२ अक्षरं आहेत. मला तो पहिल्यांदा मोठ्यानं म्हणावा लागला तो थेट सादरीकरणाच्या दिवशी. आदल्या रात्री सगळं पाठ केलं होतं. हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली, इथपर्यंत. उच्चार मात्र एकदाही करून पाहिला नव्हता. “इलेक्ट्रो”पर्यंत नीट गेले, तिथं अडखळले आणि उरलेलं घाईनं म्हणून टाकलं. शेवटी श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं, “तुम्ही मघाशी कोणती चाचणी म्हणालात?”

मी एकही अक्षर गाळलं नव्हतं. तरी त्यांना शब्द ओळखता आला नाही, कारण जोर भलत्याच ठिकाणी पडला होता. पुढे शब्दकोश उलटसुलट चाळताना लक्षात आलं की हे शब्द दिसतात तितके बेभरवशाचे नाहीत. शब्द आपण पुढून वाचत असलो तरी त्याचा उच्चार शेवटाकडून ठरतो. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरीच वर्षं वाचली असती. म्हणून हा लेख. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीतल्या विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी तो मुख्यतः आहे.

काय काय लागेल

– कागद आणि पेन्सिल. शब्द हातानं लिहून फोडल्याशिवाय तो मनात बसत नाही.
– उच्चारचिन्हं आणि ध्वनिमुद्रित उच्चार दोन्ही देणारा शब्दकोश. केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे आणि ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकवतो.
– मोबाइलमधला आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रोग्रॅम.
– एक छोटी वही. भेटलेले ग्रीक-लॅटिन तुकडे तिच्यात लिहायचे. शे-दीडशे तुकडे जमले की नवे शब्द आपोआप उलगडू लागतात.

आता या लेखातल्या खुणा. इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला मी “खंड” म्हणते. एका झटक्यात तोंडातून बाहेर पडणारा, एकच स्वर असलेला शब्दाचा भाग म्हणजे खंड. दोन खंडांमध्ये आडवी रेघ आहे. ज्या खंडावर मुख्य आघात, म्हणजे जोर, त्याच्या आधी ' अशी खूण आहे. शब्दकोशातही आघाताची रेघ बहुतेक ठिकाणी खंडाच्या आधीच असते, तेव्हा डोळ्याला आत्तापासूनच सवय लावून घ्या.

१. आधी अर्थाचे तुकडे पाडा

उच्चाराकडे लगेच धावू नका. शब्द कशाकशाचा बनला आहे ते पाहा. आपल्या शब्दाचे तीन भाग पडतात. “इलेक्ट्रो” म्हणजे विजेचा. मूळ ग्रीक शब्द अंबर या पिवळसर राळेच्या खड्याचा, कारण तो घासला की हलक्या वस्तू ओढून घेतो. “एन्सेफॅलो” म्हणजे मेंदू. त्यातही “एन्” म्हणजे आत आणि “केफॅले” म्हणजे डोकं, थोडक्यात डोक्याच्या आत असतं ते. आणि “ग्राफी” म्हणजे लिहिणं, नोंद करणं. वीज, मेंदू, नोंद. २२ अक्षरांची भीती इथेच निम्मी होते.

प्रत्येक तुकड्याला असा अर्थ सापडेलच असं मात्र नाही. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक ॲसिड, म्हणजे आपलं नेहमीचं डीएनए, यातला “रायबो” हा तुकडा रायबोज या साखरेवरून आला. एमिल फिशर यांनी १८९१ साली तिला नाव देताना अरॅबिनोज या दुसऱ्या साखरेच्या नावातली अक्षरं फिरवून घेतली. ग्रीक कोश कितीही धुंडाळला तरी तो हाती लागणार नाही. असा तुकडा भेटला की तो जसा आहे तसा वहीत उतरवा आणि पुढे चला.

२. अक्षरं मोजू नका, स्वर मोजा

जितके स्वर कानाला ऐकू येतात तितके खंड. कागदावर किती स्वर दिसतात याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्या शब्दात नऊ खंड आहेत:

इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-लॉ-ग्र-फी

“ट्रो” आणि “एन्” इथे दोन स्वर एकमेकांना खेटून आले आहेत. “इलेक्ट्रॉन्से...” अशी दोहोंची मोळी बांधायचा मोह होतो. तसं केलं तर एक खंड हरवतो आणि पुढचा सगळा ताल बिघडतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर स्वराशेजारी स्वर आला, तर ते दोन वेगळे खंड आहेत असं धरून चालावं. झूऑलॉजी हा शब्द नीट पाहा. इंग्रजीत त्यात सुरुवातीला दोनच “ओ” आहेत. एक “झो” या प्राणिवाचक तुकड्याचा आणि दुसरा “ऑलॉजी”चा. म्हणून काळजीपूर्वक बोलणारे झो-'ऑ-ल-जी असं म्हणतात. झू-'ऑ-ल-जी हेही सर्रास ऐकू येतं. काहीही म्हणा, खंड चारच.

शब्दाच्या शेवटी एकटा “ई” हे अक्षर असेल तर तो बहुधा मुका असतो: टेलिस्कोप, ग्लुकोज, ऑक्साइड. पण थेट ग्रीकमधून आलेल्या काही शब्दांत तो बोलतो. हायपर्बोली हा अलंकार हाय-'पर्-ब-ली असा चार खंडांचा आहे, त्याला “हायपरबोल” म्हणू नये. भोवळ येऊन शुद्ध हरपण्याला सिंकपी म्हणतात, त्यात तीन खंड आहेत. याच्या उलटही घडतं. मेटाबोलिझमच्या शेवटी “एस” आणि “एम” यांच्यामध्ये लिहिताना स्वरच नाही, पण बोलताना तिथे एक बारीकसा “अ” येतो: म-'टॅ-ब-लि-झम, पाच खंड. हा “अ” मराठी माणसाकडून कधी सुटत नाही, कारण आपण तो शब्द लिहितोच तसा.

३. कुठे तोडायचं याचा घोळ घालू नका

अर्थाचे तुकडे आणि उच्चाराचे खंड एकाच जागी तुटत नाहीत, आणि नवख्याला सगळ्यात जास्त हेच छळतं. मराठीत आपण हे रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. सूर्योदय म्हणजे सूर्य अधिक उदय. पण म्हणताना आपण “सूर्य” पाशी थांबून “उदय” म्हणत नाही. “र्यो” मध्ये पहिल्या शब्दाचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड एकजीव झालेलं असतं. अगदी तसंच “एन्सेफॅलो” आणि “ग्राफी” यांचा सांधा “लॉ-ग्र” मध्ये विरघळतो. अर्थ समजून घेताना संधी सोडवायची आणि म्हणताना परत जुळवायची.

आता “लॉ-ग्र-फी” बरोबर की “लॉग्-र-फी”? काही शब्दकोश पहिलं देतात, काही दुसरं. जोर असलेला ऱ्हस्व स्वर पुढचं व्यंजन स्वतःकडे ओढतो, असं मानणारे “लॉग्” लिहितात. बोलताना कानाला दोन्ही सारखेच लागतात. यावर वाद घालत बसण्याइतकं त्यात काही नाही. एवढं पाहा की सी-एच, पी-एच, टी-एच या जोड्या फोडायच्या नाहीत; त्या एका ध्वनीसाठीच्या जोड्या आहेत.

एक सापळा मात्र खरा आहे. छापील शब्दकोशात मूळ शब्दावरच जे ठिपके दिलेले असतात, ते बऱ्याचदा ओळ संपताना शब्द कुठे तोडून पुढच्या ओळीत न्यावा यासाठी असतात. छपाईत सुरुवातीचं किंवा शेवटचं एकटं अक्षर तोडत नाहीत, त्यामुळे तिथे ठिपका नसतो, पण खंड असतो. खंड मोजायचे तर ठिपके सोडा आणि उच्चारचिन्हांची ओळ पाहा.

४. शेपूट पाहा, आघात सापडेल

हा या लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान त्याकडे लक्षच देत नाही आणि आपण सगळे खंड सारख्याच वजनानं म्हणत जातो. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखताना जोराचा खंड आधी शोधतो. तो चुकीच्या जागी आला की ओळखीचा शब्दही परका होतो. आणि वैज्ञानिक शब्दांत हा जोर कुठे पडणार हे बहुतेक वेळा शेवटच्या तुकड्यावरून कळतं.

पहिला गट: शेवटून तिसऱ्या खंडावर जोर. लॉजी, ग्राफी, मेट्री, नॉमी, स्कोपी, टॉमी, इटी हे सगळे त्यात येतात. बाय-'ऑ-ल-जी. अ-'स्ट्रॉ-न-मी. फ-'टॉ-ग्र-फी. स्पेक्-'ट्रॉ-स्क-पी. व-'लॉ-सि-टी. अ-'नॅ-लि-सिस आणि हाय-'ड्रॉ-लि-सिस हेही याच घरातले. मूलद्रव्यांच्या नावांतला “इअम” दोन खंडांचा असल्यामुळे प-'टॅ-सि-अम, 'ही-लि-अम यांतही जोर शेवटून तिसऱ्यावरच येतो.

दुसरा गट: शेपटाच्या अगदी आधीच्या खंडावर जोर. इक, इक्स, शन, झन. अ-'टॉ-मिक. फर्-मेन्-'टे-शन. डि-'फ्यू-झन. डीएनएच्या लांब नावातही तेच: डी-ऑक्-सि-राय-बो-न्यू-'क्ली-इक. हा नियम इतका पक्का आहे की अपवाद बोटांवर मोजता येतात. त्यातला एक प्रयोगशाळेतच भेटतो. आर्सेनिक हे मूलद्रव्य 'आर्-स-निक असं म्हणतात, पण आर्सेनिक ॲसिड म्हणताना तोच शब्द विशेषण होतो आणि नियमाला शरण जातो: आर्-'से-निक.

तिसरा गट: शेपटाच्या स्वतःच्या पहिल्या स्वरावर जोर. दाह दाखवणारा “आयटिस”: हे-प-'टाय-टिस. गाठ दाखवणारा “ओमा”: कार्-सि-'नो-म. स्थिती किंवा प्रक्रिया दाखवणारा “ओसिस”: माय-'टो-सिस, डाय-अग्-'नो-सिस. इथे मेटामॉर्फसिस मध्येच वेगळा वागतो, तो मे-ट-'मॉर्-फ-सिस.

चौथा गट जोर ओढतच नाही: ग्राफ, ग्रॅम, स्कोप, जन, सोम. 'टे-लि-स्कोप. 'ऑक्-सि-जन. 'क्रो-म-सोम.

आता आपला शब्द परत हातात घ्या आणि फक्त शेपूट बदलून पाहा:

इ-लेक्-ट्रो-एन्-'से-फ-ल-ग्रॅम (निघालेला आलेख)
इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-'लॉ-ग्र-फी (पद्धत)
इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-ल-'ग्रॅ-फिक (विशेषण)

सुरुवातीचे पाच-सहा खंड तिन्हीत तेच आहेत. जोर मात्र एकेक पाऊल शेवटाकडे सरकत जातो. मी हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले त्या दिवशी हा विषय मला कळला असं वाटतं.

मीटर या शेपटाशी जपून. उपकरण असेल तर जोर शेवटून तिसऱ्यावर: थर्-'मॉ-मि-टर, ब-'रॉ-मि-टर. माप असेल तर सुरुवातीला: 'सेन्-टि-मी-टर. मायक्रोमीटर हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. स्क्रू फिरवून जाडी मोजायचं उपकरण ते माय-'क्रॉ-मि-टर आणि मीटरचा दहा लाखावा भाग तो 'माय-क्रो-मी-टर. किलोमीटर माप असूनही कि-'लॉ-मि-टर असा उच्चारलेला खूप ठिकाणी ऐकू येतो, ते ऐकून गोंधळू नका.

सजीवांच्या लॅटिन नावांसाठी वेगळी युक्ती आहे, आणि वृत्तं शिकलेल्या मराठी वाचकाला ती चटकन कळेल. उपांत्य खंड, म्हणजे शेवटून दुसरा, गुरू असेल तर जोर त्याच्यावर. लघू असेल तर त्याच्या आधीच्या खंडावर. मूळ लॅटिनमध्ये दीर्घ स्वर असला किंवा पुढे जोडव्यंजन असलं की खंड गुरू, हा हिशेबही आपल्यासारखाच. हि-'बिस्-कस मध्ये “स्क” जोडाक्षर आहे, म्हणून मधला खंड गुरू. अ-'मी-ब मध्ये “मी” दीर्घ. लॅक्-टो-ब-'सि-लस मध्ये लिहिताना दोन “एल” आहेत, म्हणून “सि” गुरू. याउलट ड्र-'सॉ-फि-ल मध्ये “फि” लघू, म्हणून जोर एक घर मागे.

५. बाकीचे स्वर सैल सोडा

एका खंडावर जोर दिला की बाकीच्यांचा जोर काढून घ्यावा लागतो. हे नाही केलं तर जोर असून नसल्यासारखा. बिनजोराचे स्वर इंग्रजीत आखडतात आणि त्यातले बरेचसे एकाच फिक्या ध्वनीकडे झुकतात. शब्दकोशात तो उलट्या लिहिलेल्या छोट्या “ई” अक्षरानं दाखवतात. तो ध्वनी कुठून शोधून आणायला नको, तो म्हणजे जवळजवळ आपला “अ”. “कमळ” म्हणताना “क” मध्ये असतो तोच.

अणूचा शब्द पाहा. 'ॲ-टम. त्याला “इक” जोडला की अ-'टॉ-मिक. पहिल्या शब्दात “ॲ” ठसठशीत होता आणि दुसरा स्वर फिका. जोर सरकताच दोघांनी जागा बदलल्या. स्पेलिंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

देवनागरीत आपण हे शब्द लिहितो ते स्पेलिंग पाहून, त्यामुळे प्रत्येक स्वर पूर्ण लिहिला जातो: फोटोग्राफी, थर्मामीटर, बॅरोमीटर. मराठीत बोलताना हे उच्चार अगदी बरोबर आहेत, ते बदलायचं कारण नाही. पण इंग्रजी बोलताना तीच रूपं तोंडात येतात आणि तिथे फसगत होते. इंग्रजी उच्चारासाठी वहीत वेगळं रूप लिहून ठेवा.

शेवटच्या “अ” चा प्रश्न खास आपला आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा “अ” आपण बोलत नाही. लिहितो “राम”, म्हणतो “राम्”. त्यामुळे शब्द आखूड “अ” वर संपवायची जिभेला सवयच नाही, आणि आपण त्याचा “आ” करतो: बॅक्टेरिया, अमीबा. इंग्रजीत तो आखूडच राहतो: बॅक्-'टि-रि-अ. शब्द संपताना तोंड फार उघडू नका, एवढं पुरे.

लांब शब्दांत मुख्य जोराच्या आधी एक-दोन उपजोरही असतात. शब्दकोशात त्यांची रेघ खाली, ओळीच्या तळाशी असते. आपल्या शब्दात “लेक्” आणि “से” हे दोन उपजोर. लेक्, से, लॉ: या तीन दगडांवर पाय ठेवत ओढा ओलांडायचा, मधले खंड पाण्यासारखे वाहू द्यायचे.

६. मागून पुढे म्हणत या

सुरुवातीपासून म्हणायला लागलं की पहिले खंड शंभरदा घोटले जातात आणि शेवट कच्चा राहतो, नेमका जिथे जोर आहे तो. म्हणून उलटं करा:

फी
ग्र-फी
'लॉ-ग्र-फी
फ-'लॉ-ग्र-फी
से-फ-'लॉ-ग्र-फी
एन्-से-फ-'लॉ-ग्र-फी
ट्रो-एन्-से-फ-'लॉ-ग्र-फी
लेक्-ट्रो-एन्-से-फ-'लॉ-ग्र-फी
इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-'लॉ-ग्र-फी

प्रत्येक पायरी तीनदा म्हणा. जीभ अडखळली तर एक पायरी खाली या. नवीन खंड पुढून जोडला जातो आणि शेवट दर वेळी ओळखीचा असतो, त्यामुळे शब्द संपत येताना धांदल उडत नाही. पूर्ण शब्द जमला की तो एखाद्या वाक्यात घालून म्हणा. सुटा शब्द जमतो आणि वाक्यात फसतो, हा अनुभव मला अजूनही येतो.

७. पडताळा घ्या

नियम लावून आलेला उच्चार म्हणजे चांगला अंदाज, तो शब्दकोशात तपासल्याशिवाय पक्का समजू नये. आधी स्वतः कागदावर खंड आणि जोर मांडा, मगच ध्वनिमुद्रण ऐका. आधी ऐकलं तर कान उत्तर घेतो आणि रीत शिकायची राहून जाते. नंतर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐका.

कॉम्प्युटरचा मजकूर वाचणारा आवाज आणि माणसानं ध्वनिमुद्रित केलेला उच्चार यांत फरक करा. नवा किंवा दुर्मीळ शब्द आला की यंत्र अंदाज बांधतं, आणि तो चुकीचा असला तरी ठाम सुरात सांगतं.

दोन शब्दकोशांत दोन उच्चार दिसले तर घाबरू नका. केशवाहिनीला ब्रिटिश क-'पि-ल-री म्हणतात, अमेरिकन 'कॅ-पि-ले-री. प्रयोगशाळा ब्रिटिशांची ल-'बॉ-र-ट्री, अमेरिकनांची 'लॅ-ब्र-टो-री. आपल्या शब्दातल्या “से” ऐवजी काही ब्रिटिश डॉक्टर “के” म्हणतात, मूळ ग्रीकला धरून. यातलं कुठलंही एक घ्या, पण एकाच भाषणात दोन्ही मिसळू नका.

गप्प बसणारी अक्षरं

ग्रीक शब्दांच्या सुरुवातीला इंग्रजीला न पेलणाऱ्या जोड्या असतात. तिथे पहिलं अक्षर मुकं होतं. न्यूमोनियातला “पी”, सायकॉलॉजीतला “पी”, स्मरणाच्या युक्तीला म्हणतात त्या निमॉनिक मधला “एम”. एक्सनं सुरू होणारा शब्द “झ” नं उच्चारतात: झायलेम, झेनॉन. हा “झ” म्हणजे “रोज” म्हणताना शेवटी येतो तसा ध्वनी.

पण तोच तुकडा शब्दाच्या मध्ये आला की मुकं अक्षर बोलू लागतं, कारण आधीच्या खंडाचा त्याला आधार मिळतो. हेलिकॉप्टर हा शब्द “हेलि” आणि “कॉप्टर” असा नाही. “हेलिको” म्हणजे मळसूत्रासारखा आणि “प्टर” म्हणजे पंख. टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राचीन प्राण्याच्या नावात सुरुवातीला हाच “प्टर” आहे, तिथे “पी” गप्प. हेलिकॉप्टरमध्ये तो खणखणीत वाजतो.

या नियमाची एक सुंदर अडचण म्हणजे अपॉप्टोसिस, पेशींचं ठरवून होणारं मरण. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली हा शब्द शोधनिबंधात मांडला, तेव्हा तो कसा उच्चारावा याची टीपही दिली: जोर उपांत्य खंडावर आणि दुसरा “पी” मुका, म्हणजे “टोसिस” असा. तरीही आज अनेक शास्त्रज्ञ तो “पी” उच्चारतात. दोन्ही कानावर पडतील. जोराची जागा मात्र दोन्हींत तीच.

आणखी काही: ग्रीकमधून आलेला सी-एच म्हणजे “क” (क्लोरोफिल, क्रोमोसोम). ओ-ई आणि ए-ई या जोड्या बहुधा “ई”, म्हणून अन्ननलिका ती ई-'सॉ-फ-गस. “ई”, “आय”, “वाय” यांच्या आधीचा दुहेरी “सी” म्हणजे “क्स”: व्हॅक्सीन.

रसायनांची लांब नावं

इथे रीत थोडी बदलते. रसायनाचं नाव म्हणजे छोट्या नावांची माळ, आणि प्रत्येक मणी आपापला ताल राखतो. डीडीटीचं पूर्ण नाव घ्या: डायक्लोरो, डायफिनाइल, ट्रायक्लोरो, इथेन. चार मणी. डाय-क्लो-रो-डाय-फी-नाइल-ट्राय-क्लो-रो-'ई-थेन, ११ खंड. प्रत्येक मण्यानंतर मनात अगदी सूक्ष्म थांबा घ्या आणि मुख्य जोर शेवटच्या मण्यावर ठेवा. अमेरिकन “ई” ऐवजी “ए” म्हणतात. ही नावं अवघड दिसतात, पण मला विचाराल तर ती “लॉजी”वाल्या शब्दांपेक्षा सोपी आहेत, कारण सांधे उघडे असतात.

सरावासाठी

पुढची नावं आधी स्वतः फोडा, मग उत्तर पाहा.

ऑफ्थॅल्मॉलॉजी, डोळ्यांचं शास्त्र. ऑफ्-थॅल्-'मॉ-ल-जी. मूळ शब्दात पी-एच आहे, म्हणून “ऑफ्”. “ऑप्” हेही चालतं.

स्टॉइकिओमेट्री, रासायनिक अभिक्रियेतल्या प्रमाणांचा हिशेब. स्टॉय-कि-'ऑ-मि-ट्री. सी-एच म्हणजे “क”, हे विसरलात तर इथे पकडले जाल.

थ्रॉम्बोसायटोपेनिया, रक्तातल्या प्लेटलेट कमी होणं. थ्रॉम्-बो-साय-टो-'पी-नि-अ.

मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स. मॅग्-नी-टो-हाय-ड्रो-डाय-'नॅ-मिक्स.

आणि शेवटी ४५ अक्षरांचा. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांबवून बनवला. अर्थ: अतिसूक्ष्म सिलिका धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. डॉक्टर त्याला नुसतं सिलिकोसिस म्हणतात. तुकडे असे: न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्कॅनो, कोनिओसिस. शेपूट “ओसिस”, म्हणजे जोर कुठे ते तुम्हाला आता ठाऊक आहे. खंड १९. मागून सुरू करा:

'ओ-सिस
को-नि-'ओ-सिस
व्हॉल्-के-नो-को-नि-'ओ-सिस
सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-'ओ-सिस
माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-'ओ-सिस
अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-'ओ-सिस
न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-'ओ-सिस